स्नोबोर्डाची निवड: वजन, पाऊल आणि उतार

१. प्रस्तावना

तुमच्यापैकी काही जण हिवाळ्याच्या सुट्टीत गुलमर्ग, औली किंवा सोलंग येथे बर्फावरील खेळांच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला जाल. आपल्यातील बहुतेकांच्या गावी कधीच बर्फ पडत नाही. त्यामुळे स्नोबोर्ड प्रत्यक्ष हातात घेण्याची ती पहिलीच वेळ असते. साहित्याच्या खोलीत गर्दी असते, बाहेर प्रशिक्षक वाट पाहत असतात. देणारा माणूस एक बोर्ड तुमच्या शेजारी उभा धरतो, तो हनुवटीपर्यंत आला की म्हणतो, "हा घ्या, बरोबर आहे." पुढचे दहा-बारा दिवस तोच बोर्ड तुमच्या पायांना बांधलेला असतो.

तो बोर्ड चुकीचा असेल तर काय होते? वळण सुरूच होत नाही, किंवा सुरू झालेले वळण मध्येच सुटते. विद्यार्थ्याला वाटते की आपल्याला जमत नाही. तिसऱ्या दिवशी मनगट दुखावते आणि चौथ्या दिवशी तो खोलीत बसून राहतो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा त्याच्या कौशल्यात नसतो, बोर्डाच्या मापात असतो.

या पाठात आपण बोर्डाची निवड पायरीपायरीने शिकणार आहोत. पाठाचा मुख्य मुद्दा असा: बोर्डाला तुमची उंची कळत नाही, तुमचे वजन कळते. वजनावरून लांबी ठरते, पावलाच्या लांबीवरून रुंदी ठरते आणि तुम्ही कोणत्या उतारावर काय करणार यावरून आकार व कडकपणा ठरतो. यासाठी लागणारे भौतिकशास्त्र अकरावी-बारावीच्या पलीकडचे नाही.

२. बोर्डाची रचना

१९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलीसाठी दोन स्की एकमेकींना जोडून उभ्याने घसरण्याचे एक खेळणे बनवले. त्याला 'स्नर्फर' असे नाव मिळाले. त्यावर पाय बांधण्याची सोय नव्हती आणि त्याला पोलादी कडाही नव्हत्या. १९७७ साली जेक बर्टन कार्पेंटर यांनी व्हरमाँट राज्यात बोर्ड बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. १९९८ साली जपानमधील नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगचा समावेश झाला. आज आपण ज्या गोष्टींवरून बोर्ड निवडतो, म्हणजे कड, साइडकट, बाइंडिंग आणि कॅम्बर, त्या सर्व या खेळण्याच्या पुढच्या विकासातून बोर्डावर आल्या आहेत.

आजच्या बोर्डाच्या मध्यभागी लाकडाचा गाभा असतो. त्याच्या वर व खाली काचतंतूंचे थर चिकटवलेले असतात. तळाला पॉलिएथिलीनचा गुळगुळीत थर असतो आणि त्याच्या भोवती पोलादी कड असते. पुढे दिलेल्या संज्ञा नीट समजून घ्या, कारण पुढील विभागांत त्या वारंवार येतील.

नोज आणि टेल: बोर्डाचे पुढचे व मागचे वर वळलेले टोक.

प्रभावी कड: बोर्ड तिरपा केल्यावर कडेचा जितका भाग बर्फात खरोखर रुततो तितकी लांबी. वर वळलेली टोके यात धरत नाहीत. म्हणून प्रभावी कड एकूण लांबीपेक्षा बरीच कमी असते.

कंबर: बोर्डाचा सर्वांत अरुंद भाग, साधारणपणे मधोमध. तिच्या रुंदीला कंबरेची रुंदी असे म्हणतात.

साइडकट: टोकांकडून कंबरेकडे आत वळत गेलेला कडेचा बाक.

फ्लेक्स: बोर्ड किती सहज वाकतो याचे माप.

बाइंडिंग: बूट बोर्डाला पक्के धरून ठेवणारा पट्ट्यांचा भाग.

३. लांबी: उंची नव्हे, वजन

प्रथम बोर्ड आपल्याला बर्फावर तरंगत का ठेवतो ते पाहू. ६० किलो वजनाची व्यक्ती जमिनीवर सुमारे ६०० न्यूटन बल लावते. ती बूट घालून बर्फात एका पायावर उभी राहिली, तर बुटाचा तळ साधारण ३० सेंमी लांब व १० सेंमी रुंद, म्हणजे ०.०३ चौरस मीटर. दाब झाला २०,००० पास्कल. ताज्या बर्फात पाय गुडघ्यापर्यंत जातो तो यामुळे. आता तीच व्यक्ती १५० सेंमी लांब व सरासरी २७ सेंमी रुंद बोर्डावर उभी आहे असे समजा. क्षेत्रफळ सुमारे ०.४ चौरस मीटर आणि दाब सुमारे १,५०० पास्कल. म्हणजे दाब तेरा पटींहून कमी झाला. या साऱ्या गणितात उंची कुठेही आली नाही, याकडे लक्ष द्या.

आता दोन विद्यार्थी घेऊ. दोघांची उंची १७० सेंमी. 'क'चे वजन ५६ किलो आणि 'ख'चे ८२ किलो. हनुवटीचा नियम लावला तर दोघांना एकच बोर्ड मिळेल. पण ८२ भागिले ५६ म्हणजे सुमारे १.४६. 'ख' त्याच बोर्डावर जवळजवळ दीडपट बल लावणार. लवचीक पट्टीचे वाकणे बलाच्या प्रमाणात वाढते, म्हणून बोर्डही त्याच्या पायाखाली तितकाच जास्त वाकणार. 'क'ला जो बोर्ड कडक वाटतो, तोच 'ख'ला मऊ वाटेल. 'क'ला वळणासाठी बोर्ड वाकवता येणार नाही. 'ख'चा बोर्ड वेगात थरथरेल आणि खोल बर्फात बुडेल.

उत्पादक एकाच नमुन्याचे बोर्ड वेगवेगळ्या लांबीत बनवतात, तेव्हा ते फक्त लांबी वाढवत नाहीत. जास्त लांबीचा बोर्ड जास्त वजनाच्या व्यक्तीसाठी असल्याने तो साधारणपणे अधिक कडक आणि थोडा रुंदही केलेला असतो. म्हणून बोर्डावर छापलेला १५२ किंवा १५८ हा आकडा सेंटिमीटरमध्ये असला, तरी व्यवहारात तो एका वजनगटाची खूण आहे.

मऊ ते मध्यम फ्लेक्सच्या सर्वसाधारण बोर्डासाठी पुढील अंदाज उपयोगी पडतो.

४५ ते ५५ किलो: १४० ते १४७ सेंमी
५५ ते ६५ किलो: १४६ ते १५३ सेंमी
६५ ते ७५ किलो: १५१ ते १५७ सेंमी
७५ ते ८५ किलो: १५५ ते १६१ सेंमी
८५ किलोंच्या वर: १५९ सेंमी किंवा अधिक

हे आकडे फक्त सुरुवातीसाठी आहेत. त्या त्या नमुन्यासोबत उत्पादकाने वजनाचा तक्ता दिला असेल, तर तो अधिक विश्वासार्ह मानावा.

मग उंचीचा नियम इतका का टिकला? कारण उंच माणसाचे वजन साधारणपणे जास्त असते, त्यामुळे हा नियम अनेकदा बरोबर उत्तर देतो. शिवाय साहित्याच्या खोलीत वजनकाटा असतोच असे नाही. उंचीचा थोडा उपयोग दोन पायांमधील अंतर ठरवताना होतो. पण सडपातळ व उंच, किंवा बुटक्या व दणकट विद्यार्थ्यांच्या बाबतीत हनुवटीचा नियम हमखास चुकतो. तेव्हा घरून निघण्यापूर्वी वजन करा आणि तो आकडा लक्षात ठेवा.

४. रुंदी: बूट आधी, बोर्ड नंतर

बोर्डावर आपण आडवे उभे राहतो. त्यामुळे बुटाची बोटांकडील बाजू एका कडेबाहेर आणि टाचेकडील बाजू दुसऱ्या कडेबाहेर थोडी डोकावते. थोडे डोकावणे आवश्यकच आहे, कारण त्या तरफेनेच आपण बोर्ड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर फिरवतो. बूट फारच बाहेर आला, तर मात्र वळणात तो बर्फाला घासतो, कड उचलली जाते आणि माणूस अचानक पडतो. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' असे आपण म्हणतो. येथे उलटे करायचे असते, पाय पाहून अंथरूण निवडायचे असते.

प्रथम पाऊल मोजा. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या. दोन्ही पावले मोजा आणि मोठे माप धरा. स्नोबोर्डाच्या बुटांचे मोंडोपॉइंट माप म्हणजे हीच पावलाची लांबी असते. रोजच्या चपलेच्या किंवा बुटाच्या नंबरावर विसंबू नका. बुटाची बाहेरून मोजलेली लांबी पावलापेक्षा साधारण २ ते ३ सेंमी जास्त असते.

बूट किती बाहेर आल्यास धोका आहे, हे आपण स्वतः काढू शकतो. बुटाचा तळ बर्फापासून सुमारे ३ सेंमी उंचीवर असतो असे धरू. बूट कडेबाहेर जितका येतो त्याला 'बाहेरचे माप' म्हणू. बोर्ड ज्या कोनात तिरपा केल्यावर बूट बर्फाला टेकेल, त्या कोनासाठी

टॅन (कोन) = उंची ÷ बाहेरचे माप

बाहेरचे माप १.३ सेंमी असेल तर कोन सुमारे ६७ अंश येतो. ३ सेंमी असेल तर ४५ अंश. ४ सेंमी असेल तर केवळ ३७ अंश.

आता वळताना बोर्ड किती तिरपा होतो ते पाहू. सायकलस्वार वळणावर आत झुकतो, तेच तत्त्व येथे आहे.

टॅन (झुकण्याचा कोन) = वेगाचा वर्ग ÷ (गुरुत्वत्वरण × वळणाची त्रिज्या)

वेग सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २९ किलोमीटर, आणि वळणाची त्रिज्या ८ मीटर घेऊ. ६४ भागिले ८० म्हणजे ०.८, आणि कोन सुमारे ३९ अंश. हे गणित सपाट पृष्ठभाग धरून सोपे केले आहे. तरीही निष्कर्ष स्पष्ट आहे. ज्याचा बूट ४ सेंमी बाहेर आहे, तो इतक्या साध्या वेगातही पडणार, आणि त्याला कारण कळणार नाही.

सोडवलेले उदाहरण. 'ख'चे पाऊल २९ सेंमी व बूट बाहेरून ३२ सेंमी आहे. बाइंडिंग १५ अंशांत बसवले आहे. बूट तिरका असल्याने त्याची आडवी व्याप्ती ३२ × कॉस १५, म्हणजे सुमारे ३०.९ सेंमी होते. बोर्डाची कंबर २५ सेंमी आहे. पायाखालची रुंदी कंबरेपेक्षा साधारण १ सेंमी जास्त, म्हणजे २६ सेंमी धरू. एकूण ४.९ सेंमी बाहेर, प्रत्येक बाजूला २.४५ सेंमी. बूट सुमारे ५१ अंशांत टेकेल. त्याऐवजी २६.५ सेंमी कंबरेचा रुंद बोर्ड घेतला, तर प्रत्येक बाजूला १.७ सेंमी राहील आणि कोन सुमारे ६० अंश होईल. वेगात खोल वळणे घेणाऱ्या 'ख'साठी हा फरक मोठा आहे.

यातून आणखी एक गोष्ट कळते. बूट दोन्ही बाजूंना सारखा बाहेर यायला हवा. बाइंडिंग एका बाजूला सरकलेले असेल, तर योग्य रुंदीच्या बोर्डावरही एकीकडचे माप ४ सेंमीपर्यंत जाऊ शकते.

ढोबळ अंदाज असा धरा. पाऊल २५ सेंमीपर्यंत असेल तर कंबर २३.५ ते २४.५ सेंमी. २५.५ ते २७.५ सेंमी पावलाला २४.५ ते २५.५ सेंमी. २८ ते २९ सेंमी पावलाला २५.५ ते २६.५ सेंमी. त्याहून मोठ्या पावलाला २६.५ सेंमी किंवा जास्त रुंदीचा बोर्ड पाहावा. उलट चूकही टाळावी. लहान पावलाच्या विद्यार्थ्याला फार रुंद बोर्ड दिला, तर त्याची तरफ अपुरी पडते आणि बोर्ड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर नेताना खूप जोर लावावा लागतो.

'महिलांचा बोर्ड' म्हणून विकला जाणारा बोर्ड साधारणपणे कमी वजन आणि लहान पाऊल धरून बनवलेला असतो. ७० किलो वजनाच्या व २७ सेंमी पाऊल असलेल्या विद्यार्थिनीला त्यातला बोर्ड अपुरा पडू शकतो, आणि ५० किलोंच्या विद्यार्थ्याला तोच अगदी योग्य ठरू शकतो. लेबल न पाहता आकडे पाहा.

५. साइडकट: वळणाची त्रिज्या

कडेचा बाक वर्तुळाच्या कंसासारखा मानला, तर त्याची त्रिज्या पुढील सूत्राने मिळते.

त्रिज्या = (प्रभावी कडेची लांबी × प्रभावी कडेची लांबी) ÷ (८ × बाकाची खोली)

समजा प्रभावी कड १.१८ मीटर, टोकाजवळची रुंदी २९.६ सेंमी आणि कंबर २५.२ सेंमी आहे. दोन्हींतील फरक ४.४ सेंमी. तो दोन कडांमध्ये विभागला, म्हणजे प्रत्येक कडेची खोली २.२ सेंमी. १.३९ भागिले ०.१७६ म्हणजे त्रिज्या सुमारे ७.९ मीटर.

बोर्ड बर्फावर तिरपा केला की वळणाची त्रिज्या आणखी कमी होते. कठीण बर्फावर ती साधारणपणे साइडकटची त्रिज्या × कॉस (कोन) इतकी असते. ४५ अंशांत हाच बोर्ड ५.६ मीटर त्रिज्येचे वळण घेईल. लहान त्रिज्येचा बोर्ड चटकन वळतो, पण सरळ वेगात चुळबुळ करतो. मोठ्या त्रिज्येचा बोर्ड वेगात शांत राहतो, पण दाट झाडीत किंवा अरुंद वाटेवर अवजड वाटतो.

६. कॅम्बर आणि रॉकर

बोर्ड सपाट जमिनीवर ठेवा आणि बाजूने पाहा. मधला भाग कमानीसारखा वर उचललेला असेल आणि टोकांजवळ बोर्ड टेकत असेल, तर तो कॅम्बर. तुम्ही उभे राहिलात की कमान दबते आणि वजन कडेच्या संपूर्ण लांबीवर पसरते. त्यामुळे कठीण बर्फावर पकड चांगली मिळते आणि उडी घेताना कमानीत साठलेली ऊर्जा परत मिळते. पण चूकही लगेच पकडली जाते. नवशिक्याची उताराकडची कड नकळत रुतली, तर तो आपटतो.

रॉकर याच्या उलट. मधला भाग टेकलेला आणि दोन्ही टोके पाळण्यासारखी उचललेली. टोके वर असल्याने कड नकळत रुतण्याची शक्यता कमी होते आणि ताज्या बर्फात नोज वर राहते. पण गोठलेल्या उतारावर पकड कमी पडते.

सपाट बोर्ड या दोन्हींच्या मधला. याखेरीज मिश्र प्रकारही असतात. उदाहरणार्थ, पायांखाली कॅम्बर आणि नोजकडे रॉकर. सर्वसाधारण वापरासाठी असा मिश्र बोर्ड सोयीचा पडतो.

७. शैलीनुसार निवड

वजन व पाऊल यांचे आकडे हाती आले की मगच शैलीचा विचार करावा. शैली म्हणजे तुम्ही दिवसाचा बहुतेक वेळ जे करणार ते. मोबाइलवर पाहिलेल्या चित्रफितींवरून शैली ठरवू नका. स्वतःशी प्रामाणिक राहणे ही या पाठातील सर्वांत अवघड पायरी आहे.

प्रारंभिक शिक्षण: तक्त्यातील मध्यापेक्षा ३ ते ५ सेंमी कमी लांबी, मऊ फ्लेक्स, रॉकर किंवा सपाट तळ. बोर्ड वळवायला सोपा असावा.

ऑल-माउंटन: दाबून सपाट केलेला उतार, थोडा ताजा बर्फ, थोडी उडी, असे सर्व काही करणाऱ्यांसाठी. मध्यम फ्लेक्स, तक्त्यातील मधली लांबी, मिश्र कॅम्बर.

फ्रीस्टाइल: उड्या, गिरक्या, उलटे घसरणे. लांबी २ ते ५ सेंमी कमी, फ्लेक्स मऊ ते मध्यम. नोज व टेल अगदी सारखे असलेला 'ट्रू ट्विन' आकार घ्यावा, कारण उलट दिशेने जातानाही बोर्ड तसाच वागला पाहिजे.

फ्रीराइड: तीव्र, नैसर्गिक उतार. लांबी २ ते ५ सेंमी जास्त, फ्लेक्स कडक. आकार एका दिशेचा, म्हणजे 'डायरेक्शनल', आणि बाइंडिंग मध्यापासून थोडे मागे. खांद्यावर सामानाची पिशवी असेल तर तिचे वजनही धरावे.

पावडर: खोल, भुसभुशीत बर्फ. नोज टेलपेक्षा रुंद असते. त्यामुळे टेल किंचित बुडते आणि नोज वर राहते. काही पावडर बोर्ड मुद्दाम रुंद करून ५ ते १० सेंमी आखूड केलेले असतात. येथे क्षेत्रफळ लांबीऐवजी रुंदीतून मिळवलेले असते. अशा बोर्डाला वरील तक्ता लागू पडत नाही, उत्पादकाचाच तक्ता पाहावा.

कार्व्हिंग: कठीण, सपाट केलेल्या उतारावर कडेवर झोकून घेतलेली वळणे. कॅम्बर, कडक फ्लेक्स, लांब प्रभावी कड.

फ्लेक्सबद्दल एक सूचना. बोर्डांवर १ ते १० असा आकडा दिलेला असतो, पण सर्व उत्पादकांसाठी त्याचे एकच प्रमाण नाही. एकाचा ५ दुसऱ्याच्या ७ इतका कडक असू शकतो. म्हणून टेल जमिनीवर टेकवून, एका हाताने नोज धरून, दुसऱ्या हाताने मध्यभाग दाबून पाहा. दोन-तीन बोर्डांची तुलना केली की फरक हाताला कळतो.

स्थळही विचारात घ्या. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि तेथील गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवत पर्वतावर ३,९०० मीटरांच्या वर नेतो. तेथील वरचे उतार नैसर्गिक, खोल बर्फाचे आणि तीव्र आहेत. प्राथमिक वर्ग मात्र खालच्या सौम्य उतारांवर होतात. उत्तराखंडमधील औली येथे २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धेतील शर्यती झाल्या. तेथे दाबून तयार केलेल्या उतारावर कडेची पकड जास्त महत्त्वाची ठरते. एकाच विद्यार्थ्याला या दोन ठिकाणी दोन वेगळे बोर्ड योग्य ठरू शकतात. पण नवशिक्याने गुलमर्गला जातो म्हणून लांब फ्रीराइड बोर्ड मागणे ही चूक आहे. त्याचा उतार अफरवतचा नाही, शिकण्याच्या मैदानाचा आहे.

८. तीन विद्यार्थी, तीन बोर्ड

पहिली विद्यार्थिनी: वजन ५८ किलो, पाऊल २४.५ सेंमी, प्रथमच शिकणार. तक्त्यात १४६ ते १५३, मध्य सुमारे १५०. नवशिकी असल्याने ३ ते ५ सेंमी वजा. उत्तर: १४५ ते १४७ सेंमी, कंबर सुमारे २४ सेंमी, मऊ, रॉकर किंवा सपाट.

दुसरा विद्यार्थी: वजन ६६ किलो, पाऊल २६.५ सेंमी, तिसरा हंगाम, उड्यांची आवड. तक्त्यात १५१ ते १५७ आहे, पण वजन गटाच्या खालच्या टोकाला आहे, म्हणून १५२ पासून सुरुवात. फ्रीस्टाइलसाठी सुमारे ३ सेंमी वजा. उत्तर: १४९ सेंमीच्या आसपास, कंबर सुमारे २५ सेंमी, ट्रू ट्विन.

तिसरा विद्यार्थी: आपला 'ख'. वजन ८२ किलो, पाऊल २९ सेंमी, अनेक हंगामांचा अनुभव, मार्गदर्शकासोबत खोल बर्फात जाणार. तक्त्यात १५५ ते १६१, वजन वरच्या टोकाला, म्हणून १६०. फ्रीराइडसाठी २ ते ३ सेंमी अधिक. उत्तर: १६२ ते १६३ सेंमी, कंबर सुमारे २६.५ सेंमी, डायरेक्शनल, मध्यम ते कडक.

तिघांपैकी कोणाचीही उंची आपण विचारली नाही.

९. साहित्य घेताना तपासणी

क्रम लक्षात ठेवा: आधी बूट, मग बोर्ड, शेवटी बाइंडिंग.

बूट घालून गुडघे पुढे वाकवा. टाच उचलली जाता कामा नये. सरळ उभे असताना बोटे पुढे हलकी टेकावीत, पण गुडघे वाकवल्यावर मोकळी व्हावीत. एकच जाड मोजा घाला. दोन मोजे घातल्याने ऊब वाढत नाही, उलट पाय घट्ट आवळला जातो.

बोर्डाच्या कडेवरून काळजीपूर्वक नजर फिरवा. किरकोळ गंज चालतो, पण कड तुटलेली किंवा बोर्डापासून सुटलेली नसावी. तळावर इतकी खोल चीर नको की आतले लाकूड दिसेल. थर एकमेकांपासून सुटलेले नाहीत ना, हे टोकांजवळ पाहा.

बाइंडिंगचे सर्व स्क्रू घट्ट आहेत का ते स्वतः पाहा. कोणता पाय पुढे ठेवायचा हेही आधीच ठरवा. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत घसरून पाहा, जो पाय आपोआप पुढे जातो तो पुढचा. डावा पुढे असेल तर 'रेग्युलर', उजवा पुढे असेल तर 'गूफी' म्हणतात. लिहिण्याच्या हाताशी याचा संबंध नाही. सुरुवातीला पुढचे बाइंडिंग सुमारे १५ अंश पुढे आणि मागचे ० ते ६ अंश मागे वळवलेले असावे. दोन पायांतले अंतर खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त ठेवा.

बोर्ड चुकीचा वाटला तर पहिल्याच दिवशी सांगा. "माझे वजन इतके आहे, पाऊल इतके आहे, याहून आखूड बोर्ड मिळेल का?" असे आकडे देऊन विचारले की देणारा माणूस सहसा दुसरा बोर्ड शोधतो. नुसते "हा जमत नाही" म्हटले, तर सरावाने जमेल असे उत्तर मिळते.

१०. बोर्ड जे करू शकत नाही

योग्य बोर्ड पडणे कमी करतो, थांबवत नाही. स्नोबोर्ड शिकताना माणूस पडला की हात पुढे टेकवतो, म्हणून मनगटाच्या दुखापती नवशिक्यांत विशेष आढळतात. हेल्मेट आणि मनगटाचे संरक्षक वापरा. पडताना मूठ बंद ठेवून हाताच्या पुढच्या भागावर भार घेण्याचा सराव करा.

आखलेल्या उतारांबाहेर हिमस्खलनाचा धोका असतो. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्ग परिसरात हिमस्खलनांत परदेशी स्कीपटूंचे प्राण गेले. ते नवशिक्यांचे उतार नव्हते. फ्रीराइड बोर्ड हातात आला म्हणजे तेथे जाण्याचा परवाना मिळाला असे होत नाही. स्थानिक इशारा ऐकणे, अनुभवी मार्गदर्शक सोबत असणे, ट्रान्सीव्हर, शोधकाठी व फावडे जवळ असणे आणि ते वापरण्याचे प्रशिक्षण घेतलेले असणे, या सर्व अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात.

११. सारांश

बोर्डाची लांबी प्रामुख्याने वजनावरून ठरते, कारण बर्फावरील दाब आणि बोर्डाचे वाकणे दोन्ही बलावर अवलंबून असतात. बोर्डाची रुंदी बुटाच्या लांबीवरून ठरते, कारण बूट फार बाहेर आला की वळणात तो बर्फाला टेकतो. शैलीमुळे लांबीत साधारणपणे काही सेंटिमीटरचाच बदल होतो, आकार व फ्लेक्स मात्र पूर्ण बदलू शकतात. उंचीचा नियम हा वजनाऐवजी वापरलेला अंदाज आहे, वजन माहीत असताना त्याची गरज नाही.

१२. स्वाध्याय

१. स्वतःचे वजन व दोन्ही पावलांची लांबी मोजा. प्रथमच शिकणारा विद्यार्थी म्हणून स्वतःसाठी बोर्डाची लांबी व कंबरेची रुंदी ठरवा.

२. प्रभावी कड १.१० मीटर आणि प्रत्येक कडेच्या बाकाची खोली २ सेंमी असल्यास साइडकटची त्रिज्या काढा. बोर्ड ६० अंशांत तिरपा केल्यास वळणाची त्रिज्या किती होईल?

३. एका विद्यार्थ्याचा बूट बाहेरून ३१ सेंमी आहे. बाइंडिंग ० अंशात असून बोर्डाची पायाखालची रुंदी २६ सेंमी आहे. बूट मधोमध असल्यास तो किती अंशांत बर्फाला टेकेल? बाइंडिंग १५ अंशांत फिरवल्यास उत्तरात किती फरक पडेल?

४. १८२ सेंमी उंच व ५७ किलो वजनाच्या नवशिक्या मित्राला हनुवटीच्या नियमाने १५८ सेंमीचा बोर्ड दिला आहे. त्याने साहित्य देणाऱ्याला काय सांगावे, ते कारणांसह चार-पाच वाक्यांत लिहा.